केव्हीएम लोड आहे, तरी विंडोज गेस्ट रेंगाळतोय

प्रश्न
होस्टवर (मूळ मशीनवर) डेबियन लिनक्स, ८ कोअरचा एएमडी प्रोसेसर, १६ जीबी रॅम. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्या प्रोग्राममध्ये विंडोज १० गेस्ट म्हणून चालवतोय, ४ व्हीसीपीयू (आभासी कोअर) आणि ६ जीबी देऊन. बूटलाच दहा मिनिटं लागतात, माऊसही अडखळतो. एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या कर्नल मॉड्यूलांच्या यादीत) केव्हीएम, म्हणजे प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय वापरणारं लिनक्सचं मॉड्यूल, दिसतं. मग अडतंय कुठे?

कर्नलकर
नुसतं केव्हीएम दिसून भागत नाही, सोबत केव्हीएम_एएमडी हवं. प्रोसेसरशी गाठ त्याची असते. ते नसेल तर /डेव्ह/केव्हीएम ही फाइल, जिच्यातून क्यूईएमयू केव्हीएम वापरतं, तयारच होत नाही. डीमेसेजमधल्या (कर्नलच्या संदेशांतल्या) केव्हीएमच्या ओळी बघा. 'डिसेबल्ड बाय बायोस' अशा अर्थाचं काही असेल तर बायोसमध्ये एसव्हीएम मोड (एएमडीची व्हर्च्युअलायझेशन सोय) चालू करा. हा पर्याय बऱ्याच बोर्डांवर ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडलेला असतो. इंटेलवर व्हीटी-एक्स शोधायचं.

मग कमांडमध्ये '-ॲक्सेल केव्हीएम' स्पष्ट लिहा. काहीच न लिहिल्यास क्यूईएमयू सहसा टीसीजी वापरतं, म्हणजे गेस्टचा सगळा कोड सॉफ्टवेअरमध्ये भाषांतरित होत राहतो. स्पष्ट लिहिलं की केव्हीएम न मिळाल्यास निदान एरर तरी येते.

बिटबहाद्दर
ती एरर 'परमिशन डिनाइड' असेल तर युजरला केव्हीएम ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. /डेव्ह/केव्हीएम सगळ्यांना खुलं करू नका, कृपया. शिवाय '-सीपीयू होस्ट' द्या. काही न दिल्यास मिळणारं क्यूईएमयू६४ हे सीपीयू मॉडेल एव्हीएक्ससारख्या (जलद गणिती सूचनांच्या) सुविधा गेस्टला दाखवतच नाही.

प्रश्नकर्ता
एसव्हीएम बंदच होतं! आता बूट झटपट होतंय. पण डिस्क मंद आहे. साटा कंट्रोलरवरून व्हर्टआयओवर (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान आभासी कंट्रोलरवर) नेली तर निळा स्क्रीन: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.

कर्नलकर
बूट होतानाच लागणारा ड्रायव्हर विंडोजकडे नाही, म्हणून. गेस्ट बंद करून आधी क्यूकाऊ२ फाइलची (गेस्टच्या डिस्कच्या फाइलची) कॉपी काढून ठेवा. मूळ डिस्क साटावरच राहू द्या. १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, सोबत व्हर्टआयओ-विनची (विंडोजसाठीच्या व्हर्टआयओ ड्रायव्हरांची) आयएसओ. विंडोज चालू करून डिव्हाइस मॅनेजरमधून व्हायोस्टॉर हा डिस्कचा ड्रायव्हर टाका. ती छोटी डिस्क डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. ती दिसली म्हणजे ड्रायव्हर खरंच लोड झाला. मग शटडाऊन करा, मूळ डिस्क व्हर्टआयओवर न्या आणि छोटी काढून टाका.

बिटबहाद्दर
शटडाऊन पूर्ण हवं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप (बंद करताना कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवणारी सोय) आधी बंद करा. नाहीतर जुनी कर्नल स्थिती परत लोड होते आणि बदललेला कंट्रोलर तिला झेपत नाही.