कंपनी न काढलेल्या व्हीसीने (नव्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या गुंतवणूकदाराने) फाउंडरला सल्ला द्यावा का?

हडपसरचा_निखिल
अमेरिकेतले नावाजलेले व्हीसी विनोद खोसला यांच्यावरून ऑफिसात दोन दिवस वाद चाललाय म्हणून इथे टाकतोय. माझं मत आधीच सांगतो, ज्याने स्वतः कंपनी काढून मार खाल्लेला नाही त्याने पैसे द्यावेत, सल्ला देऊ नये. खोसलांचा जन्म पुण्यातला, १९५५ चा, वडील लष्करात. आयआयटी दिल्लीनंतर त्यांनी भारतातच सोया दुधाची कंपनी काढायचा प्रयत्न केला, ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांच्यासाठी, ती काही उभी राहिली नाही. मग कार्नेगी मेलन, स्टॅनफर्डचं एमबीए आणि डेझी सिस्टिम्स. तिथे इंजिनिअरांसाठी डिझाइनचं सॉफ्टवेअर विकायचं तर मशीनही स्वतःच बनवावं लागत होतं, तो त्रास बघूनच सगळ्यांना चालेल असं वर्कस्टेशन (इंजिनिअरांसाठीचा ताकदवान कॉम्प्युटर) बनवायचं डोक्यात आलं आणि १९८२ ला बेक्टोल्सहाइम, मॅकनीली आणि बिल जॉय यांच्याबरोबर सन मायक्रोसिस्टिम्स सुरू केली. १९८६ ला क्लायनर पर्किन्स या व्हीसी कंपनीत गेले, २००४ ला स्वतःची खोसला व्हेंचर्स. हे सगळं स्वतः भोगलेला माणूस २०१३ मध्ये जाहीरपणे म्हणाला की ७०-८० टक्के व्हीसी कंपनीचं उलट नुकसानच करतात, तर ते मला मनापासून पटतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, दुसरं काय.

सदाशिव_पेठी
निखिल, अर्धीच गोष्ट सांगितलीस. सनचं सीईओपद १९८४ लाच मॅकनीलींकडे गेलं आणि त्यांनी ते २००६ पर्यंत सांभाळलं, म्हणजे २२ वर्षं. मग कंपनी चालवण्याचा अनुभव नक्की कोणाचा जास्त? खोसलांनी दोन वर्षं चालवली, व्हीसी म्हणून काढली जवळजवळ चाळीस. आणि मायकल मॉरिट्झचं काय करणार? तो टाइम मासिकाचा बातमीदार होता. सिकोया या व्हीसी कंपनीत जाऊन त्याने याहूत पैसे लावले, १९९९ ला गूगलमध्ये सिकोया आणि क्लायनरने प्रत्येकी सव्वा कोटी डॉलर घातले त्यात सिकोयाकडून तोच होता. माणसं वाचता येणं, प्रश्न विचारता येणं हेसुद्धा कौशल्य आहे, ते पत्रकाराकडे भरपूर असतं.

रश्मी_बाणेर
मी निखिलच्या बाजूने आहे आणि कारण घरचंच आहे. आमच्या कंपनीत (नाव नको) बोर्डावर एक गुंतवणूकदार होते, आयुष्य बँकेत गेलेलं. महिन्याच्या २७ तारखेला माझ्या खात्यात चार लाख आणि एकतारखेचे पगार साडेअकरा लाख, एका हॉस्पिटलचं बिल तीन महिने अडकलेलं, आणि हे विचारतायत की तिमाहीच्या ग्राफमध्ये गेल्या वर्षीची रेघ का नाही. शेवटी आईच्या बांगड्या ठेवून पगार केले. ते वाईट नव्हते हो, त्यांना खरंच कळत नव्हतं. ज्याने कधी २७ तारीख काढलीय ना, तो आधी विचारतो, पैसे पुरतायत का?

सदाशिव_पेठी
रश्मीताई, वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तो दोष त्या माणसाच्या आस्थेचा आहे, अनुभवाचा नाही. फाउंडर असलेला व्हीसी दुसऱ्या टोकाला जातो, त्याला आपल्या अंदाजावर फार भरवसा असतो. खोसलांचंच घ्या, कियॉर नावाची कंपनी, लाकडापासून तेल बनवणार होती. मिसिसिपी राज्याने कोलंबसच्या प्लांटसाठी साडेसात कोटी डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं, २०११ ला आयपीओ आला, आणि नोव्हेंबर २०१४ ला दिवाळं. राज्याचे बहुतेक पैसे बुडाले. तो लोकांचा पैसा होता, खोसलांचा नव्हे.

हडपसरचा_निखिल
कियॉरचं मान्य, सरकारी पैशावर इतकं मोठं धाडस करायला नको होतं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण हेही बघा ना, १९९९ मध्ये एक्साइट या सर्च कंपनीला गूगल विकत घ्यायची संधी आली होती, खोसलांनी भाव दहा लाखांवरून साडेसात लाख डॉलरवर आणला, तरी एक्साइटचे सीईओ जॉर्ज बेल नाही म्हणाले. आणि २०१९ ला ओपनएआयमध्ये पाच कोटी डॉलर घातले, चॅटजीपीटीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा. कच्च्या मशीनकडे बघून पुढचं दिसणं, हे स्वतः कच्चं मशीन विकायला फिरल्याशिवाय येत नाही असं माझं ठाम मत आहे.

सदाशिव_पेठी
आणि मॉरिट्झला गूगलमध्ये काय दिसलं मग? त्याचं उत्तर अजून दिलं नाहीस.

हडपसरचा_निखिल
नाही दिलं. विचार करतोय.

रश्मी_बाणेर
तुमचं चालू द्या, मला या आठवड्यातच ठरवायचंय. नव्या कंपनीसाठी दोन ऑफर आहेत, एक जुना फाउंडर, एक पूर्ण फायनान्सवाल्या बाई. दोघांकडे मी एकच गोष्ट मागितली, त्यांनी पैसे लावलेल्या आणि तरी बंद पडलेल्या कंपन्यांच्या फाउंडरांचे नंबर. यशस्वी लोक चांगलंच बोलणार, बंद पडतानाच्या शेवटच्या दोन महिन्यांत हे कसे वागले ते मला ऐकायचंय. बाईंनी त्याच संध्याकाळी तीन नंबर पाठवले. फाउंडर साहेबांना सांगून आज पाचवा दिवस. पहिला फोन उद्या अकराला आहे.