यंदाचा नाताळ पूर्णपणे घरीच करायचा आहे. जुलैपासून तयारी कशी करावी?

जालन्याची लेक

सर्वांना सलाम. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, नाताळ शुक्रवारी येत असून त्याला जोडून शनिवार-रविवार मिळत असल्यामुळे आम्ही चारही भावंडे अकरा वर्षांनी जालन्याला आईच्या घरी एकत्र जमणार आहोत. सुना, जावई आणि नातवंडे धरून आम्ही चोवीस जण होतो. शेजारच्या आणि ओळखीच्या हिंदू व मुस्लिम कुटुंबांना नाताळच्या फराळाची ताटे पाठवण्याची आमच्या घरची जुनी पद्धत आहे. ती ताटे साधारण अठरा होतील.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिची दृष्टी अधू झाली आहे. इतकी वर्षे केक, करंज्या, अनारसे, चकल्या, मटणाचा रस्सा हे सारे तिने एकटीने केले. चोवीस तारखेच्या रात्री गाणी म्हणणारी मंडळी दारात येईपर्यंत ती चुलीपुढून उठत नसे आणि पंचवीसच्या सकाळी उपासनेत बसल्या बसल्या तिचे डोळे मिटत, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. या वर्षी मला सर्व काही घरीच करायचे आहे, पण चोवीस तारखेला दुपारी घरातली चूल थंड झालेली असावी आणि आईसह कोणालाही रात्री जागून काम करावे लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या अडचणी अशा आहेत. केकचा सुकामेवा सहा सहा महिने भिजवतात असे ऐकते, परंतु आमच्या घरात दारू अजिबात चालत नाही. घरात मोठी भट्टी नाही, फक्त एक लहान ओव्हन आहे. आईच्या जुन्या लुगड्यांच्या चार वाकळी शिवून चार भावंडांना नाताळची भेट म्हणून द्याव्यात, असेही मनात आहे. दारावरची चांदणीही विकतची आणायची नाही. यातले आज काय सुरू करता येईल आणि कशाला अजिबात घाई करू नये, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

छावणीतील गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

ताई, आपण शेवटच्या वाक्यात जे विचारले आहे तोच खरा प्रश्न आहे. लवकर तयारी करण्याच्या उत्साहात पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरच्या अखेरीस शंकरपाळी तळून ठेवली होती आणि नाताळपर्यंत तिला खवट वास येऊ लागला होता. पाच किलो शंकरपाळी पाहुण्यांपुढे ठेवता आली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून टिकणारे काम आधी आणि तळणीचे काम शेवटी, हा क्रम मी कधी मोडलेला नाही.

सुकामेवा महिनोन्महिने टिकतो तो रममधल्या मद्यार्कामुळे. संत्र्याच्या किंवा द्राक्षाच्या रसात भिजवलेला मेवा आंबतो, त्यामुळे तो जुलैत भिजवण्यात काहीच अर्थ नाही. आमच्याही घरी रसच वापरतात. मनुका, काळे बेदाणे, बारीक चिरलेला खजूर आणि पाकवलेल्या साली एकत्र करून त्यावर बुडेल इतका रस घालावा, मंद आचेवर पाच-सात मिनिटे गरम करावा, पूर्ण निवू द्यावा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. चार-पाच दिवसांत मेवा टपोरा होऊन रस पिऊन घेतो. बरणी रोज एकदा हलवायची तेवढी आठवण ठेवावी. काजू आणि बदाम त्यात भिजवू नयेत, ते केक करताना पिठात घोळवून घालावेत.

प्रमाणाचा हिशेब आताच करून ठेवावा, कारण नाताळच्या घाईत हमखास चुकतो तो हाच. पाव किलो मैदा, पाव किलो लोणी, पाव किलो साखर, पाच अंडी आणि अर्धा किलो भिजवलेला मेवा, असे घेतले की भाजून सुमारे एक किलो चारशे ग्रॅमचा केक उतरतो. पन्नास ग्रॅमची एक फोड धरली तर त्याच्या अठ्ठावीस फोडी होतात. चोवीस माणसांना प्रत्येकी दोन आणि अठरा ताटांत प्रत्येकी दोन अशा आपल्याला चौऱ्याऐंशी फोडी लागतील, म्हणजे तीन केक बरोबर पुरतील. मी आपल्या जागी असते तर एक जास्तीचा केला असता, कारण रात्री गाण्यासाठी येणाऱ्या मंडळीला चहाबरोबर काहीतरी द्यावेच लागते.

असा केक लहान ओव्हनमध्ये १५० अंशांवर एकेक करून भाजता येतो आणि प्रत्येकाला दोन ते अडीच तास लागतात. मध्येच वीज गेली तर मात्र केक बसतो. म्हणून मी बेकरीच्या भट्टीवर जाते. पाव बाहेर काढल्यानंतर भट्टीत जी संथ आच उरते, ती मेव्याने जड झालेल्या केकला फार मानवते. आपल्याकडे घरचा रवा-मैदा आणि तूप नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची पद्धत आहेच, त्याच ओळखीने नोव्हेंबरमध्ये जाऊन वेळ ठरवून घ्यावी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बेकरीवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. एका वर्षी माझा डबा दुसऱ्याच घरी गेला आणि त्यांचा माझ्याकडे आला. आता मी प्रत्येक डब्याच्या काठाला तांब्याची तार गुंडाळून पीळ देते, कारण भट्टीत कागदाची चिठ्ठी जळते आणि रंग काळा पडतो. केक सोळा किंवा सतरा डिसेंबरला भाजावा, पूर्ण निवल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावा. थंडीत तो नाताळपर्यंत उत्तम राहतो आणि मुरल्यामुळे फोडीही भुगा न होता पडतात.

बदनापूरचा बागायतदार

आमच्या घरी नाताळ नसतो, पण शेजारच्या कुटुंबाकडून दरवर्षी ताट येते आणि त्यांच्या केकमध्ये आमच्याच बागेतल्या मोसंबीची साल असते, म्हणून लिहितो. जालना जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा जालन्याच्या केकमध्ये बाजारची रंगीत टुटी-फ्रुटी कशाला घालायची? आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलोऱ्याची फळे ऑक्टोबरपर्यंत उतरतात. सालीसाठी ऑक्टोबरमधली, पिवळसर झालेली, झाडावरून तोडलेली फळे घ्यावीत. फळगळीतली स्वस्त मिळतात म्हणून ती घेऊ नयेत, त्यांना देठाकडून बुरशी लागलेली असू शकते. फळांवर फवारणी झालेली असते, त्यामुळे ती कोमट पाण्यात चोळून धुवावीत.

सालीच्या आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढावा, कारण कडूपणा बहुतेक त्यातच असतो. बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या करून त्या तीन वेळा, प्रत्येक वेळी पाणी बदलून, पाच-पाच मिनिटे उकळाव्यात. नंतर जितकी साल तितकीच साखर आणि साखरेच्या निम्मे पाणी घेऊन मंद आचेवर ठेवावे. पट्टी उजेडात धरल्यावर आरपार दिसू लागली की झाली असे समजावे. चाळणीवर दोन दिवस सुकवून बरणीत भरली आणि फ्रिजमध्ये ठेवली की डिसेंबरपर्यंत काही होत नाही. उरलेला पाक टाकू नये, त्याला सालीचा सुंदर वास येतो आणि तो केकच्या साखरेत थोडा जिरवता येतो.

निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई

लेकी, केकला अजून वेळ आहे. आज हातात घ्यायचे काम असेल तर ते वाकळींचे. माझ्या सासूबाईंबरोबर मी नऊ वाकळी शिवल्या आहेत, त्या आधारावर सांगते की दोघी जणी समोरासमोर बसून रोज दोन तास धावदोरा घालत राहिल्या तरी एका वाकळीला तीन आठवडे लागतात. म्हणजे चार वाकळींना तीन महिने झाले, आणि मध्ये गणपती, नवरात्र, दिवाळी आहे, पाहुणे आहेत, आजारपणे आहेत. आज सुरुवात केली तर नोव्हेंबरमध्ये आरामात हातावेगळ्या होतील आणि सप्टेंबरमध्ये केली तर शेवटची वाकळ तू चोवीस तारखेच्या रात्रीच शिवत बसशील.

नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटरचे असते, त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात. दोन तुकडे रुंदीला जोडले की एक थर होतो, म्हणजे एका लुगड्यात दोन थर आणि दोन लुगड्यांत चांगली चार थरांची वाकळ. आईकडे इरकली लुगडी असतील तर त्यांचे काठ आणि पदर कापून वेगळे ठेव व बाहेरच्या कडेला लाव, कारण बोटे फिरवल्यावर प्रत्येकाला ते लुगडे ओळखू आले पाहिजे. कापड दोन्ही हातांनी ताणून पाहावे. जे विरले आहे ते आतल्या थरात जाईल आणि जे अजून मजबूत आहे ते वर येईल. पावसाने उघडीप दिली की सगळी लुगडी धुऊन कडक वाळवून घे, दमट कापड शिवले तर आतून कुबट वास येतो आणि तो पुढे कितीही उन्हे दाखवली तरी जात नाही. टाके कडेकडून सुरू करून आत आत यायचे, म्हणजे थर सरकत नाहीत.

फराळाचे थोडक्यात सांगते. दिवाळीत अनारशाचे पीठ करशील तेव्हा तांदूळ दुप्पट भिजव. तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवलेले तांदूळ कुटून गुळात मळलेला गोळा घट्ट डब्यात नाताळपर्यंत छान राहतो आणि जितका मुरेल तितकी जाळी चांगली पडते. चकलीची भाजणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दळून आण. करंजीचे सारण सुक्या खोबऱ्याचेच कर, ओल्या नारळाच्या करंज्या दोन दिवसांवर टिकत नाहीत. तळणी मात्र एकोणीस ते बावीस या चार दिवसांतच करायची आणि प्रत्येक दिवशी एकच पदार्थ घ्यायचा. रश्श्यासाठी येसर (भाजलेल्या धान्यांचे मसालेदार पीठ) आणि काळा मसाला उन्हाळ्यात झालाच असेल. नसला तर पावसाळी हवेत मसाला कांडू नकोस, ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहा.

कामट्या आणि कागद

तीन फुटी चांदणीसाठी पंधरा कामट्या लागतात. पाच-पाच कामट्यांच्या दोन सपाट चांदण्या बांधायच्या, त्यांची पाचही टोके एकमेकांना बांधायची आणि आतल्या पाच सांध्यांत सहा-सहा इंचांचे तुकडे उभे अडकवायचे, म्हणजे चांदणीला पोट येते. बुरुडाकडून कामट्या दिवाळीपूर्वी आकाशकंदिलांच्या हंगामातच घ्याव्यात, नंतर त्या मिळायला फिरावे लागते. सांगाडा आधी करून ठेवावा, पतंगाचा कागद मात्र डिसेंबरमध्येच चिकटवावा, नाहीतर धुळीने त्याचा रंग उतरतो. खळीत मोरचूद घालणार असाल तर त्यासाठी स्वयंपाकघरातले भांडे वापरू नये, मोरचूद विषारी असते. आत एलईडी दिवा लावावा.

गव्हाणीच्या देखाव्यात हिरवळ हवी असेल तर नवरात्रात घटाभोवती धान पेरतात तसेच पसरट ताटात माती घेऊन गहू पेरावेत. डिसेंबरच्या थंडीत त्यांना उगवायला वेळ लागतो, म्हणून बारा तारखेच्या सुमारास पेरावेत. हे काम नातवंडांकडे द्यावे. रोज पाणी शिंपडायला ती स्वतःहून उठतात.

जालन्याची लेक

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. आज सकाळी ट्रंक उघडली. त्यात अकरा लुगडी निघाली, त्यांतली तीन विरली आहेत. माझ्या वडिलांचे घराणे मूळचे बेथेलचे, म्हणजे नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या वस्तीतले. तिथे राहणाऱ्या आजीचेही एक लुगडे त्यात आहे, हे आईने नुसत्या काठाच्या स्पर्शावरून सांगितले. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार यंदा २९ नोव्हेंबरला आहे; त्या दिवसापर्यंत वाकळी पूर्ण करायच्या असे धाकट्या बहिणीशी बोलून ठरवले आहे. मोसंबी आणि बेकरीची कामे मोठ्या भावाने अंगावर घेतली आहेत.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. आईलाही टाके घालायचे आहेत, पण सुईत दोरा ओवणे तिला जमत नाही आणि तिचे टाके वाकडे पडतील म्हणून ती स्वतःच मागे सरकते. तिला कसे सामील करून घ्यावे?

निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई

प्रत्येक वाकळीचा मधला वीतभर चौकोन तिच्यासाठी मोकळा ठेव. त्या चौकोनाच्या चारही बाजूंना सुतळीचा एकेक जाड टाका कच्चा घालून ठेव, म्हणजे कुठे थांबायचे ते तिच्या बोटांना समजेल. मोठ्या नेढ्याच्या जाड सुया घे आणि रोज सकाळी त्यांतल्या दहा सुयांत पांढरा दोरा ओवून, टोकाला गाठ मारून, उशीत टोचून तिच्याजवळ ठेव. खालचे कापड गडद निवडलेस तर दुपारच्या उजेडात तिला आपला टाका दिसेलही. तिचे टाके पडतील तसे पडू देत, त्यांतला एकही उसवू नकोस. काम झाल्यावर फक्त सुतळी ओढून काढ.