यमकासाठी व्यापाऱ्याला जिवंत ठेवायचं का?

माडाखाली: मी आणि माझी चित्रकार मैत्रीण सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी कुणकेश्वरच्या शंकराच्या देवळाची दंतकथा यमकात करतोय. देवगडबाहेरच्यांसाठी थोडक्यात: इराणी की अरब (दोन्ही ऐकलंय) व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडतं. किनाऱ्यावर दिवा दिसतो. ‘वाचलो तर देऊळ बांधीन’ असं तो बोलतो, वाचतो आणि बांधतोही. पण परधर्माचं देऊळ बांधलं, आता आपले लोक आपल्याला घेणार नाहीत म्हणून त्याच देवळाच्या शिखरावरून उडी टाकतो. आम्ही त्याला शेवटी गलबतात बसवून घरी पाठवलाय. नमुना:

लाटांवरती लाटा आल्या, फाटलं सगळं शीड
मिणमिण दिवा दिसला तेव्हा गेली त्याची भीड

प्रश्न शेवटाचा आहे. बदललं ते बरं केलं का?

तिरफळ: आधी नमुना. बुडणाऱ्याला भीड कसली? भीती म्हणा. शीड आलं म्हणून भीड आली, आणि पुढे घर आलं म्हणून माणूस जगला, असंच झालेलं दिसतंय. त्या उडीशिवाय ही नुसती नवस फेडल्याची बातमी आहे हो. दर्याने सोडलेल्या माणसाला आपलेच लोक सोडतील ही धास्ती, गोष्ट तिथे आहे. आणि मुलं घाबरतील म्हणाल, तर शिमग्यात संकासुर बघा. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पहिल्या वर्षी पोर आईच्या पदराआड असतं, दुसऱ्या वर्षी त्याच्याच मागून पळतं.

पहिलीच्या_बाई: तिरफळ, पदर होता म्हणून ते पळालं. पुस्तक पोर एकटं उघडतं, दुपारी, मोठी माणसं झोपलेली असताना. तुम्ही शब्दांचं बोलताय, इथे चित्रही असणार. शिखरावर उभा माणूस आणि खाली फरसबंदी असं पान मी माझ्या वर्गात नेणार नाही. यमकातलं तर मुलं नाचत म्हणतात, म्हणजे आत्महत्येवर टाळ्या. पण माडाखाली, खोटा शेवटही नको. देऊळ उभं राहिलं, थांबा. उरलेलं चौथीत कळू दे.

गजालीकार: तुमी उडयेरच अडकलास. माका भय येगळाच आसा. आमच्या आरवलेच्या वेतोबाक नवसाची ही मोठी चामड्याची चपला नि केळ्यांचे घड देतत. चपलांचे तळ झिजतत, म्हणजे देव रातीचो गावात फिरता, असा आजी सांगी. तो खय खय फिरता ता दर खेपेक येगळा. ज्याचा घर वाटेर, थयसून देव जाय! पुस्तकात छापलास की एकच वाट. मगे पोरगा आजयेकच म्हणतला, तू चुकतंस.

माडाखाली: गजालीकार, आजी मुंबईत कुठून आणू? माझ्या पुतण्यांना आजी भेटते ती मे महिन्यात, आंब्याच्या पेट्या भरण्याच्या घाईत. आणि चित्र दाखवून गोष्ट गाणं हे आपण बाहेरून आणलेलं नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर कलाकार चित्रकथी करतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा पानांची पोथी. वीणा, टाळ, हुडूक घेऊन एकेक पान दाखवत रामायण-महाभारतातली आख्यानं गायची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. युद्ध, वध, सगळं त्या पानांवर असतं.

पहिलीच्या_बाई: पण पान कलाकाराच्या हातात असतं ना! पुढ्यात पोरं पेंगली तर तो पान लवकर उलटेल. तुमचं छापील पान कोण उलटणार? शिवाय तो कार्यक्रम सगळ्या गावासाठी, पोरं कडेला बसलेली. ‘वय सहा ते सात’ असं पोथीवर लिहिलेलं नसतं.

तिरफळ: हे मात्र बिनतोड. तरी घरी पाठवू नका. मी तोडगा देतो: देऊळ होईपर्यंत यमक, शेवटचं पान साध्या गद्यात. ‘तो परत गेला नाही. त्याचे लोक त्याला घेणार नव्हते.’ उडीचं चित्र नको, रिकामं गलबत काढा. ज्याला विचारायचं तो विचारेल.

गजालीकार: गद्याचा पान पोरां वाचनत नाय. थेट पाठचा कव्हर.

माडाखाली: मैत्रिणीला रिकामं गलबत पसंत आहे. मला अजून तो घरीच जायला हवाय, पण भीड आजच काढतो. ‘शीड’ला दुसरं यमक सुचवा कुणीतरी, ‘चीड’ सोडून.