अजिंठ्याची रेषा घेतली, रंगाचं काय?

मराठवाड्यातल्या आजच्या चित्रकारांनी अजिंठ्याकडून लयदार रेषा घेतली, असं म्हणतात, ते पटतं. पण मला रंगांचं जास्त वाटतं. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना. भाताचं तूस कालवलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर रंग. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, बाहेरून आणलेला. १९३६ मध्ये चित्रकार अमृता शेरगिल अजिंठा पाहून गेल्या. १९३७ च्या त्यांच्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रात तांबूस रंगावर उठून दिसणारी पांढरी धोतरं बघा. पॅरिसला शिकलेल्या बाईंना आपल्या लेण्यांनी एवढं दिलं! आपल्या कला महाविद्यालयांनी पोरांना तिथं नुसतं सहलीला नेऊ नये. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर निवांत उभं करावं, मग घरी येऊन गेरू खलायला लावावा.