‘किती दिवस?’ला मिळालेलं एक उत्तर
घरातलं माणूस शेवटच्या आजारात असताना ‘आता किती दिवस?’ असं विचारलं, तर डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत, नुसते हात झटकतात, अशी तक्रार असते. अर्धंच पटलं. बाबांच्या वेळी ठाण्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही तारीख दिली नाही, पण हिशोब शिकवला. तब्येतीत फरक महिन्यागणिक पडत असेल तर हातात साधारण महिने, आठवड्यागणिक पडत असेल तर आठवडे, आणि रोज काहीतरी कमी होत असेल तर दिवस. हा अंदाज आहे, चुकू शकतो, हेही त्याच दमात सांगितलं.

मग आई कालनिर्णयच्या चौकटींत लिहायला लागली. ‘गॅलरीपर्यंत चालले.’ ‘पेज, चार चमचे.’ ‘दोन.’ (आधी तिथे फक्त दुधाचा हिशोब असायचा.) आठवडाभराच्या चौकटी बघून मीच काकांना पुण्याहून बोलावून घेतलं. ते आले तेव्हा बाबा बोलत होते.