मदत हवी आहे: बरण्यांच्या दिव्यांत पांढरे एलईडी लागतच नाहीत

रिकाम्या काचेच्या बरण्यांना आतून ट्रेसिंग पेपर लावून शोभेचे दिवे करते आहे. कागदामुळे उजेड इतका सुरेख पसरतो की साधी बरणी ओळखू येत नाही! अडचण जोडणीची आहे. जुन्या खेळण्यांतले लाल आणि पांढरे एलईडी समांतर जोडून दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट दिले, तर फक्त लालच लागतात. लालला साधारण २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात, म्हणून लालच सगळा करंट ओढत असावेत. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) लावला तरी पांढऱ्यासाठी ३ व्होल्ट काठावरच. तीन सेल घेऊन ४.५ व्होल्ट करू का? मग कुठल्या रंगाला किती ओहमचा रेझिस्टर? सेलचा डबा झाकणातच बसवायचाय, जागा कमी आहे. कुणी केलं असेल तर जोडणीचा फोटो टाका ना.