व्हॉट्सअ‍ॅप सोडायचंय, ग्रुपचं काय करू?

निळीशाई: घरच्या चौदा जणांचा ग्रुप आहे. आजीचे आवाजातले निरोप त्यातच आहेत, आजी आता नाही. मला बाहेर पडायचंय, पण एकटी गेले तर बोलू कोणाशी? टेलिग्राम जास्त सुरक्षित असतं म्हणे. जावं का?

गारगोटी: ग्रुपसाठी टेलिग्राम नकोच. तिथलं नेहमीचं चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतं, म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येईल असं कुलूपबंद नसतं, किल्ल्या कंपनीकडे राहतात. 'सीक्रेट चॅट' मुद्दाम सुरू करावं लागतं आणि ते फक्त दोघांत चालतं. उलट व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून सगळ्यांचा मजकूर सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपच्याच प्रोटोकॉलने, म्हणजे त्याच्याच पद्धतीने, असा कुलूपबंद होतो. तुम्ही मागे जाल.

खरा प्रश्न मजकुराभोवतीच्या माहितीचा आहे: कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोललं. २०१६ मध्येच अमेरिकेत सिग्नलकडे एका खात्याची माहिती मागितली गेली. त्यांच्याकडे देण्यासारखं होतं काय, तर खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच. साठवलंच नाही तर देणार कुठून? म्हणून मी सिग्नल सुचवेन. नोंदणीला फोन नंबर लागतो, पण २०२४ पासून तो समोरच्यापासून लपवता येतो.

पाऊलवाट: बॅकअपकडे लक्ष द्या, माणसं तिथेच फसतात. व्हॉट्सअ‍ॅपचा क्लाउड बॅकअप आपोआप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. आणि तुमच्यासोबत इतर तेरा जणांनीही केलेलं असायला हवं, नाहीतर तेच मेसेज त्यांच्या बॅकअपमध्ये उघडे.

निळीशाई: आणि आजीचे निरोप? सिग्नलमध्ये नेता येतील?

पाऊलवाट: नाही, सिग्नल व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट आत घेत नाही. खरी अडकवणूक हीच. ईमेलची कंपनी कुठलीही असो, पत्र पोचतं. इथे अ‍ॅप बदललं की माणसंही सुटतात आणि आठवणीही. पण आवाज साध्या फाइलीच असतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये 'पीटीटी'ने (PTT) सुरू होणाऱ्या 'ओपस' (.opus) फाइली शोधा, नावातच तारीख असते. दोन ठिकाणी कॉपी करा आणि वाजवून बघा. एका अ‍ॅपवरची माझी तीन वर्षांची बोलणी फोन बदलताना गेली, अजून रुखरुख लागते.

गारगोटी: आणि चौदा जणांना एकदम हलवू नका. ज्याच्याशी रोज बोलता त्या एकालाच आधी न्या. जुना ग्रुप राहू द्या.

निळीशाई: बहिणीला आत्ताच विचारलं, तयार आहे. फोल्डर उघडलंय, आजीच्या फाइली तारखेने शोधतेय.